मिस्ट ट्रेलने वर, म्युअर ट्रेलने खाली: नेवाडा फॉलची फेरी आई-बाबांना झेपेल का?

ताम्हन

नमस्कार मंडळी,

पुण्याहून आई-बाबा आलेत, ऑगस्टपर्यंत आहेत. मेच्या तिसऱ्या आठवड्यात कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी नॅशनल पार्कला जायचं ठरलंय, पार्कबाहेर मारिपोसा गावात दोन रात्रींची खोलीही मिळाली. गाडीतून उतरून बघण्यासारखं सगळं बघून होईलच. पण बाबांनी कुठेतरी व्हिडिओ पाहिला आणि आता "नेवाडा फॉलच्या माथ्यावर जायचं" असं जाहीर करून टाकलंय. मिस्ट ट्रेलने चढून दुसऱ्या वाटेने उतरायची जी गोल फेरी आहे, ती.

बाबा ६७ वर्षांचे. दर रविवारी आतकरवाडीतून सिंहगड, वर पिठलं-भाकरी, खाली येऊन पेपर, असा वर्षानुवर्षांचा कार्यक्रम. आई ६३ची, चालायला खमकी, पण उतारावर गुडघे कुरकुरतात. लेक नऊ वर्षांची. नवऱ्याचं म्हणणं, पहिल्या पुलापर्यंत जाऊ, फोटो काढू, परत येऊ. बाबांना हे सांगायची हिंमत मात्र त्याची नाही, ते काम माझ्याकडे.

ज्यांनी आई-वडिलांना घेऊन ही फेरी केली आहे त्यांनी खरं खरं सांगा. परमिट लागतं का? आईला मधून परत फिरवता येतं का? आणि पायऱ्या ओल्या असतात म्हणजे नेमक्या किती ओल्या?

दगडोबा

ताम्हन, सर्वात आधी दिशा. मिस्ट ट्रेलने चढायचं आणि जॉन म्युअर ट्रेलने उतरायचं. कुणी उलटं सुचवलं तर हसून सोडून द्या. मिस्ट ट्रेलच्या ६००हून जास्त दगडी पायऱ्या आहेत, उंचीला एकसारख्या नाहीत आणि मे-जूनमध्ये व्हर्नल फॉलचे तुषार त्यांच्यावर अखंड पडत असतात. चढताना नजर समोरच्या पायरीवर असते, तोल पुढे असतो. उतरताना त्याच ओल्या दगडावर वरून पाय टाकायचा, समोरून चढणाऱ्यांची रांग, आणि बाजूला नदी. म्युअर ट्रेल लांबची आहे, पण वळणावळणाने आरामात उतरते.

आकडे सांगतो, म्हणजे बाबांशी बोलायला बरं. हॅपी आइल्स हा आरंभ, सुमारे ४०३५ फुटांवर. तिथून व्हर्नल फॉल दिसतो तो लाकडी पूल ०.८ मैल, चढण ४०० फूट. व्हर्नल फॉलचा माथा १.२ मैलांवर, एकूण चढण १००० फूट. नेवाडा फॉलचा माथा २.७ मैलांवर, चढण साधारण २००० फूट. व्हर्नलची उंची ३१७ फूट, नेवाडाची ५९४. दोन्ही एकाच मर्सेड नदीचे, एकामागोमाग एक. पूर्ण फेरी साडेसहा-सात मैलांची, पाच ते सहा तास धरा. लेक आणि आई बरोबर असतील तर सात.

आता गंमत बघा. आतकरवाडीतून सिंहगडही साधारण ६०० मीटरच चढायचा असतो. नेवाडाचे २००० फूट म्हणजे तेवढेच. त्यामुळे दम लागण्याच्या दृष्टीने बाबांना काही नवीन नाही. नवीन आहे ते पायाखालचं. आपल्याकडचा काळा कातळ खरबरीत, शेवाळ नसेल तर धरून ठेवतो. इथला ग्रॅनाइट हिमनद्यांनी घासलेला, वर लाखो बुटांनी गुळगुळीत केलेला. ओला झाला की त्याच्यावर विश्वास ठेवायचा नाही.

परमिट या फेरीला लागत नाही. ते हाफ डोम या उंच कातळी घुमटावर केबल धरून चढायला. गाडीच्या प्रवेशासाठी आरक्षण लागतं की नाही हे दर वर्षी बदलत आलंय, निघायच्या आधी पार्कच्या साइटवर बघाच.

चकलीबहाद्दर

किती ओल्या? ताई, मेमध्ये तुम्ही कपड्यांसकट आंघोळ करून निघता. थेंब नाही, सरळ मारा. वाऱ्याचा झोत फिरला की समोरचा माणूस दिसत नाही.

डॉलरवाल्या दुकानातले प्लॅस्टिकचे पोंचो घ्या, माणशी एक. जीन्स अजिबात नको, भिजली की दिवसभर अंगाला चिकटते. फोन झिपवाल्या पिशवीत. सुके मोजे एक जोडी प्रत्येकाला, व्हर्नलच्या माथ्यावर रुंद सपाट कातळ आहे, तिथे उन्हात बसून बदलायचे. आमच्या सासूबाई छत्री घेऊन आल्या होत्या. पहिल्याच वळणावर छत्री उलटी झाली.

खायला: थेपले, गुळपोळी, चिवडा. तिथल्या खारी भयंकर धीट आहेत, पाठीवरची पिशवी उघडतात. त्यांना एकही दाणा द्यायचा नाही, दंड होतो.

सह्यवेडा

प्रामाणिक मत देतो, राग मानू नये. पायऱ्या, कठडे, पाट्या, बसथांबा. याला "अवघड ट्रेक" म्हणायचं? आमच्याकडे हरिश्चंद्रगडाला नळीच्या वाटेने कोकणकड्याच्या बाजूला जाऊन बघा, हातात काय येईल त्याला धरून चढावं लागतं, आणि खाली बघितलं तर दृष्टिभय म्हणजे काय ते कळतं. जो माणूस दर रविवारी सिंहगड चढतो त्याला या पायऱ्यांसाठी एवढा मोठा धागा?

गिरिजा_के

सह्यवेडा, राग अजिबात नाही, पण हाच तो विचार ज्याच्यामुळे माणसं तिथे मरतात. सोप्या वाटतात अशाच जागा जास्त घातक.

जुलै २०११मध्ये व्हर्नलच्या माथ्यावर तीन तरुण कठड्यापलीकडे पाण्यात उतरले आणि तिघेही धबधब्यावरून गेले. अवघड चढाई नव्हती, घसरडी उभी वाट नव्हती, चक्क कठडा होता. वर नदी किती शांत दिसते! व्हर्नलच्या थोडं वरच एमराल्ड पूल नावाचं कुंड आहे, हिरवंगार पाणी, त्याच्या वर सिल्व्हर एप्रन नावाचा गुळगुळीत उतार. उन्हाचं चढून आल्यावर कुणालाही पाय बुडवावेसे वाटतात. तो पाण्याचा वेग वितळलेल्या बर्फाचा आहे, आणि पाय सुटला तर पुढे थांबवायला व्हर्नल फॉलच आहे. तिथे पोहायला बंदी आहे, ती उगाच नाही.

आपल्याकडे दर पावसाळ्यात जिल्हाधिकारी धबधब्यांवर बंदीचे आदेश काढतात आणि आपण त्यावर विनोद करतो. इथे अख्खा धबधबा बंद करत नाहीत, पाण्यात उतरू नका अशा फक्त पाट्या आहेत. शहाणपण स्वतःचं आणायचं.

ताम्हन, तुमची लेक नऊ वर्षांची ना? दोन्ही माथ्यांवर तिचा हात एका मोठ्या माणसाच्या हातात. "एकच सेकंद फोटो" नाही.

सह्यवेडा

गिरिजाताई, पाण्याबद्दलचं म्हणणं मान्य. आपल्याकडेही कुंडात गेलेलेच जास्त जातात, कड्यावरून पडलेले कमी. वाट अवघड नाही हे मात्र मागे घेत नाही, पण वाद पुरे.

अवांतर: बाबांना सिंहगडाचे बूट कुठले? पुण्यातले ट्रेकर वर्षानुवर्षं जे अ‍ॅक्शनचे रबरी तळव्याचे घालतात ते असतील तर तेच घालू द्या. नवे महागडे घेऊन पहिल्याच दिवशी तिथे घालू नका.

निवांत_नाना

आईंच्या गुडघ्यांवर कुणीच बोललं नाही, म्हणून लिहितो.

या फेरीची खरी सोय मधल्या फाट्यांत आहे. पुलाजवळ पाणी आणि शौचालय आहे (हंगामात नळ चालू असतो, बाटल्या तिथेच भरा). पुलापुढे साधारण पाव मैलावर फाटा येतो, उजवीकडे म्युअर ट्रेल, सरळ नदीकाठाने मिस्ट ट्रेल. हा पहिला निर्णय. पायऱ्या बघून आईंना नको वाटलं तर इथून मागे, काही बिघडत नाही.

दुसरा निर्णय व्हर्नलच्या माथ्यावर. पण एकदा पायऱ्या चढून तिथे पोचलं की त्याच पायऱ्यांनी उतरायला नको. माथ्यावरून क्लार्क पॉइंटकडे एक वाट चढते, थोडा घाम काढते, पण वर म्युअर ट्रेलला मिळते आणि तिथून खाली कोरडी, वळणांची उतरण. ही छोटी फेरी साधारण चार मैलांची. चढ थोडा जास्त, पण गुडघ्याला लागतो तो ओला उतार पूर्ण वाचतो. शिवाय क्लार्क पॉइंटवरून नेवाडा फॉल, त्याच्या डोक्यावर लिबर्टी कॅपचा घुमट, हे सगळं एका नजरेत दिसतं. नेवाडाच्या माथ्यावरून जे दिसत नाही ते आईंना दिसेल, त्यामुळे हुकल्याची भावना नाही.

म्हणजे गट दोन होऊ द्या. नवरा आणि आई क्लार्क पॉइंटने, तुम्ही आणि बाबा वरपर्यंत. लेकीला व्हर्नलच्या माथ्यावर विचारा, मुलं त्या क्षणी अगदी खरं उत्तर देतात. भेटायची जागा आणि वेळ आधी ठरवा, फोनला दरीत रेंज असेल-नसेल. नकाशा आधीच उतरवून ठेवा.

आणि एक, वयस्कर मंडळींचा व्हिजिटर विमा आहे ना? आधीच्या आजारांचं कलम वाचून घ्या. इथे मुरगळलेला पायही परवडत नाही.

मैलकुली

मला एक कळत नाही. उंच धबधबाच बघायचा तर योसेमिटी फॉल का नाही? एकूण २४२५ फूट! नेवाडाच्या चौपट. त्याच्या माथ्यावर जाणारी वाटही आहे.

दगडोबा

मैलकुली, आहे. पण ती गोल फेरी नाही, गेलात त्याच वाटेने परत, ७.२ मैल आणि २७०० फूट चढ, बराचसा उन्हात. वर पोचल्यावर तुम्ही धबधब्याच्या माथ्यावर असता, म्हणजे धबधबा तुमच्या खाली. मिस्ट ट्रेलला धबधबा तुमच्या अंगावर असतो. फरक एवढाच, पण फार मोठा.

दुसरं, योसेमिटी क्रीकचं पाणलोट छोटं, उन्हाळ्याच्या शेवटी तो धबधबा बहुतेक वेळा कोरडा पडतो. ऑगस्टमध्ये पाहुण्यांना घेऊन गेलेले लोक "कुठे आहे?" म्हणून विचारतात. मर्सेड उंच सिएरातून येते, त्यामुळे व्हर्नल आणि नेवाडा वर्षभर वाहतात. फक्त सप्टेंबरनंतर मिस्ट ट्रेलवरचा मारा उरत नाही.

ताम्हन, एक महत्त्वाचं राहिलं. म्युअर ट्रेलवर क्लार्क पॉइंट ते नेवाडा या मधल्या पट्ट्यात आइस कट नावाचा भाग आहे. कडा खोदून वाट काढलेली, डोक्यावरून पाणी ठिबकतं, बाहेरच्या बाजूला बुटका दगडी कठडा. हिवाळ्यात तो बर्फाने भरतो आणि बंद ठेवतात. भरपूर बर्फाच्या वर्षी मेमध्येही बंद सापडू शकतो. आदल्या दिवशी व्हिजिटर सेंटरमध्ये रेंजरला विचारा. बंद असेल तर नेवाडाहून मागे मिस्ट ट्रेलच्या वरच्या भागाने व्हर्नलपर्यंत, आणि मग क्लार्क पॉइंटने खाली.

आंबटगोड

गाडीचं कुणी बोलेना. मारिपोसाहून १४० नंबरच्या रस्त्याने एल पोर्टलवरून या, घाटाची वळणं कमी, आईंना गाडी लागत असेल तर उत्तम. १२०ने ग्रोव्हलँडवरून आलात तर प्रीस्ट ग्रेड चढताना मागच्या सीटवरून देवाची नावं ऐकू येतात.

शनिवार-रविवार टाळाच. करी व्हिलेज आणि हॅपी आइल्सच्या मधली ट्रेलची पार्किंगची जागा सकाळी लवकर भरते. तिथून हॅपी आइल्स अर्धा मैल पायी. नाहीतर व्हॅलीतल्या फुकट शटलने थांबा क्रमांक १६. सात वाजता चालायला लागलात तर पायऱ्यांवर गर्दी नसते, दहानंतर अक्षरशः लोकलच्या जिन्यासारखी रांग असते.

गाडीत खाऊचा डबा रात्री ठेवायचा नाही. अस्वलं दरवाजा सोलून काढतात. मसाल्याचा वास त्यांनाही आवडतो असं आमचं कौटुंबिक संशोधन.

चकलीबहाद्दर

इंद्रधनुष्य! कुणी सांगितलंच नाही. पायऱ्या चढताना तोंड साधारण पूर्वेला असतं, त्यामुळे दुपारनंतर सूर्य पाठीशी आला की तुषारांत पूर्ण कमान दिसते, कधी कधी दोन. पण दुपारी गर्दी. आपापली निवड करा.

ताम्हन

सगळ्यांचे मनापासून आभार. जाऊन आलो!

आइस कट उघडा होता, रेंजरने आदल्या संध्याकाळी सांगितलं. नानांच्या सल्ल्याप्रमाणे गट दोन केले. आई आणि नवरा व्हर्नलच्या माथ्यापर्यंत, मग क्लार्क पॉइंटने खाली. लेकीने वर यायचं ठरवलं, आणि सगळ्यात कमी कुरकूर तिचीच. व्हर्नलच्या माथ्याआधीचा शेवटचा टप्पा, कड्याला चिकटून कठड्याला धरून जायचा, तिथे मला जरा धस्स झालं, तिला नाही.

बाबा बाजूला बसून हे वाचत आहेत आणि "मला लिहू दे" म्हणत आहेत. हे घ्या.

ताम्हन (बाबा लिहीत आहेत)

सर्व मंडळींस नमस्कार. मी या धाग्यातला "बाबा". सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त. माझ्याविषयी एवढी चर्चा झाली, तेव्हा दोन शब्द लिहिणे भाग आहे.

चढणीचे दगडोबांचे गणित बरोबर. श्वास सिंहगडाइतकाच लागला. परंतु पायऱ्यांची उंची! काही पायऱ्या फूट-सव्वाफूट आहेत. ठेंगण्या माणसाचा त्यात विचार केलेला नाही. सिंहगडाच्या वाटेवर मी काठी घेत नाही, इथे घेतली, पण ओल्या टप्प्यात ती अडचणच झाली. कठडा धरायला हात मोकळा हवा. तिथे काठी मुलीने माझ्या पाठीवरच्या पिशवीला अडकवली.

भिजणे अपरंपार. पोंचो हा प्रकार खालून वर येणाऱ्या वाऱ्यात निरुपयोगी आहे, तो डोक्यावर जातो. तरीही घ्या, कोरडे होण्याआधीचा गारवा कमी होतो. गार म्हणजे कसे, तर मेच्या उन्हातही दात वाजले.

नेवाडाच्या माथ्यावर नदीवरचा पूल ओलांडताना खाली पाणी असे एका अंगाने वळून कड्याबाहेर जाते की मी बराच वेळ पुलाच्या मधोमध उभा होतो. नात म्हणाली, आजोबा, चला. ताक विकणारे कुणी नाही, हा मोठाच उणेपणा. वर जाऊन पिठलं-भाकरी नाही हे मनाला पटायला वेळ लागला. थेपले होते, परंतु एक खार इतकी जवळ येऊन बसली की खाण्यात लक्ष लागेना.

उतरताना म्युअर ट्रेल. त्याला कुणी कंटाळवाणे म्हणत असतील, त्या वाटेवर खेचरांची ये-जा असल्याने जागोजाग शेणही आहे. परंतु आइस कटची वाट पाहून माझा दिवस सार्थकी लागला. कडा खोदून, पाण्याला बाजूला काढून, बाहेरून दगडी कठडा बांधून काढलेली ती वाट. घाटरस्त्यांवर उमेदीची वर्षे घालवलेला माणूस आहे मी, पाण्याचा निचरा बघूनच काम कसे झाले ते कळते. तिथे पाणी कड्यावरून डोक्यावर पडते आणि पायाखाली थांबत नाही. मुलगी फोटो धबधब्याचा काढत होती, मी कठड्याचा.

सह्यवेडा यांस: आपले म्हणणे चुकीचे नाही, या वाटेला हात लावून चढण्यासारखे काही नाही. परंतु साडेसहा मैल संपल्यावर मांड्या जे बोलत होत्या ते नळीच्या वाटेवरल्या दिवसापेक्षा वेगळे नव्हते. उतार मला चढापेक्षा जड गेला. ६५च्या पुढच्यांनी जाण्याआधी महिनाभर उतरण्याचा सराव करावा, चढण्याचा नव्हे. लिफ्टने वर, जिन्याने खाली.

हॅपी आइल्सला एक पाटी आहे, त्यावर माउंट व्हिटनी २११ मैल असे लिहिले आहे. ती म्युअर ट्रेलची पूर्ण लांबी. मी मुलीला विचारले, किती दिवस लागतात. तिने विषय बदलला.

गिरिजा_के

काका, मस्त लिहिलंत! "लिफ्टने वर, जिन्याने खाली" हे आमच्या घरी भिंतीवर लावते. काकूंनी क्लार्क पॉइंटबद्दल काय सांगितलं?

ताम्हन

आई म्हणते, नेवाडा फॉल तिनेच नीट बघितला, आम्ही फक्त त्याच्या डोक्यावर बसून आलो. गुडघे ठीक. क्लार्क पॉइंटची चढण मात्र तिच्या शब्दांत "नानांनी थोडा घाम म्हटलं होतं, ते जरा कमी सांगितलं."

निवांत_नाना

काकूंची माफी मागतो. पुढच्या वेळी "बराच" असं लिहीन.

मैलकुली

मी समजा डिसेंबरच्या सुट्टीत गेलो तर? भाऊ बॉस्टनहून येतोय.

दगडोबा

मिस्ट ट्रेलचा व्हर्नलखालचा पायऱ्यांचा भाग तेव्हा साधारण बंद असतो, आइस कटही. हिवाळी वाट अशी: फाट्यावरून म्युअर ट्रेलने क्लार्क पॉइंट, तिथून खाली व्हर्नलच्या माथ्यावर, आणि पुढे जमलं तर वरच्या मिस्ट ट्रेलने नेवाडा. बुटांना लावायचे मायक्रोस्पाइक्स हवेत, दिवस छोटा असतो, तीन वाजेपर्यंत परतीच्या वाटेला लागा. गाडीत बर्फाच्या साखळ्या ठेवा, तेव्हा त्या जवळ असणं सक्तीचं होऊ शकतं. बंद फाटक दिसलं तर ओलांडू नका, आतला बर्फ थेट दरीत उतरतो.

ताम्हन

मैलकुली, आमचे पाच पोंचो धुऊन ठेवलेत, पैकी एक बाबांनी फाडलाय. बाकीचे चार फ्रीमाँटमध्ये कुणाला हवे असतील तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, पुढच्या शनिवारपर्यंत घरीच आहोत.